आधी ब्रेकर

"आधी ब्रेकर," तो खुर्चीतून सांगतो,
जणू मी पहिल्यांदाच गाडीतून उतरलेय.
होय रे आर्वो, आधी ब्रेकर.
खांबावरचं झाकण उचलते. आत कोळ्याचं जाळं,
एक वाळलेला पतंग, खाली तीस अँपिअरचं तोंड.
ऑक्टोबर संपत आलाय. सुपीरिअर सरोवरावरून वारा येतो
तो कानाची पाळीच मागतो.
कॅम्पग्राउंडात आम्ही, आणि चौदा नंबरचा डेलबर्ट.
पाणी सोमवारीच बंद झालं. वीज तेवढी आहे
रविवारपर्यंत.

पूर्वी हे खातं त्याचं.
मी आतून पडद्याआड त्याची वाकलेली पाठ बघायची,
दिवा लागला की कॉफी चढवायची.
केबल आठाच्या आकड्यात गुंडाळावी, गोल नको,
गोल गुंडाळली की पीळ आत साठत जातो:
हे तो भेटेल त्याला ऐकवायचा, न विचारता.
आणि मुनिसिंगला एकदा
केबल खांबातच ठेवून त्याने गाडी हाकली.
खांब कमरेत वाकला. कोंबडीची मान पिरगळावी तसा आवाज.
संसारात पहिल्यांदाच मी एक शब्द बोलले नाही.
अजून बोललेले नाही.
राखून ठेवलाय.

आता त्याचे हात त्याचं ऐकत नाहीत.
शर्टाची बटणं मी लावते, दाढीही मीच करते,
त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.
पण प्लग लावायची वेळ आली
की टोपी कानांवर ओढून बाहेर येऊन बसतो.
तपासनीस.

काल रात्री हीटर चालू होता, आणि मी वेंधळी,
त्यावर कॉफीचं भांडंही लावलं.
वास आला आधी. गोडसर, जळक्या खेळण्याचा.
सकाळी पाहते तर प्लगचं एक पातं तपकिरी,
त्याच्या बुडाशी रबर मेणबत्तीसारखं ओघळलेलं.
खांबातलं तोंडही सैल होतं, हलवलं की खुळखुळायचं.
डेलबर्ट म्हणाला, त्याला हात लावू नका,
पलीकडच्या खांबाला जा.
गेलो.

नवा प्लग इश्पेमिंगच्या हार्डवेअरच्या दुकानातून,
अठरा डॉलर, वर दुकानदाराचा फुकटचा सल्ला:
"एखाद्या माणसाकडून बसवून घ्या."
मी म्हटलं, बरं.
संध्याकाळी जळका तुकडा सुरीने छाटला,
आतली तांब्याची जाळीही काळवंडलेली,
म्हणून आणखी छाटला, लख्ख तांबं लागेपर्यंत.
काळी तार पितळी स्क्रूला,
पांढरी चंदेरीला, हिरवी त्या गोल खुंटाच्या हिरव्याला.
तो पुटपुटत होता माझ्याबरोबर,
पाढे म्हणावेत तसं.

टॉर्च त्याच्या हातात.
स्क्रूवर उजेड यायचा आणि निसटायचा,
माझ्या अंगठ्यावर, गवतावर,
गाडीच्या चाकावर, परत स्क्रूवर.
नीट धर, असं तोंडाशी आलं होतं.
नाही म्हटलं.
उजेड आला की एक आटा,
गेला की थांबायचं,
आला की एक आटा.
पाऊण तास लागला. डोक्यावर बांधायचा दिवा
कपाटात होता. मला माहीत होतं.

मग ब्रेकर बंद आहे ना, ते दोनदा पाहिलं,
तपासणीच्या डबीवरचे दोन पिवळे दिवे पाहिले,
प्लग मुळापर्यंत दाबला, आणि वर केला ब्रेकर.
फ्रिज घुरघुरला.
मायक्रोवेव्हच्या काचेत बारा लुकलुकू लागले.
कुठेही जा, जोडलं की आमचे बारा वाजलेलेच असतात.
घड्याळ लावायचं आम्ही कधीच सोडून दिलं.

अर्ध्या तासाने बाहेर जाऊन प्लग चाचपून आले.
"गरम?"
"गार."
"म्हणजे स्क्रू बसले."
"बसले."
बराच वेळ तो काचेतून बाहेर बघत राहिला,
लांब पाण्यावर एका मालवाहू बोटीचे दिवे सरकत होते.
"वीतभर आखूड झाली केबल, हेल्मी."
"मग गाडी
वीतभर जवळ लावू."