अंगवळणी

सातपूरच्या लॅबमध्ये बुधवारी संध्याकाळी
मी प्लेटच्या पाठीला मोजपट्टी लावते.
मधल्या खळग्यात नायसिन,
दह्यादुधातल्याच एका जंतूनं घडवलेलं हत्यार.
भोवती वलय, जिथे काही उगवलं नाही ती जागा.
पहिल्या आठवड्यात चौदा मिलिमीटर.
मग अकरा. मग साडेसात, पुन्हा आठ
(माझा हात हलला असेल),
मग चार.
आज मोजायला काहीच नाही.
राखाडी थर खळग्याच्या काठापर्यंत आलाय
आणि वाकून आत बघतोय.

हा लिस्टेरिया पेठ नाक्यावरच्या पनीरमधला.
फ्रीजमध्येसुद्धा वाढतो, हळूहळू,
कुणी बोलावलेलं नसताना आलेल्या पाहुण्यासारखा.

वाघचौरे सर फळ्यावर काढून दाखवतात:
नायसिन धन, जंतूची भिंत ऋण,
म्हणून ते धावत जाऊन चिकटतं, भोक पाडतं,
आतलं सगळं बाहेर.
आता यांनी भिंतीवर थोडं धन टाचून घेतलंय.
"म्हणजे अंगाला लावून घेत नाहीत," मी म्हणते.
सर हसत नाहीत.
"लिही. पण इंग्रजीत."

चाळीस दिवस मीच नेलं त्यांना
एका नळीतून दुसऱ्या नळीत,
दर नळीत नायसिन थेंबभर जास्त.
'शिकवलं' असं मी वहीत लिहिलं होतं. खोडलं.
इथे कुणी काही शिकलं नाही.
तसे नव्हते ते मेले.
तसे दोनचार होते, त्यांना ऐसपैस जागा झाली.

आई पिंपळगावला द्राक्षाच्या विरळणीला जायची.
छोटी कात्री, दिवसभर वर केलेली मान,
घडातले बारके मणी टिपत.
राहिलेले मणी टपोरे झाले की मालक म्हणायचा,
जात चांगली आहे.
आई मान चोळत म्हणायची,
कात्री चांगली आहे.

द्वारकामावशी मागे बाटल्या विसळते.
पहिल्या वर्षी हायपोनं तिच्या हातांची सालं निघायची,
रात्री खोबरेल लावून रडायची.
आता पाण्यासारखं वाटतं म्हणते.
"अंगवळणी पडतं गं."
बोटांवरच्या रेषा गेल्यात.
दारावरचं अंगठ्याचं मशीन तिला ओळखत नाही,
म्हणून तिच्यापुरतं एक रजिस्टर आहे,
त्यात रोज सकाळी सावकाश,
द्वारका भिका गांगुर्डे.
तिची मुलगी लग्नांत मेंदी काढते.
तिच्या बोटांवर सगळ्या रेषा जागच्या जागी.
मावशीचं मावशीपाशी थांबलं.
यांचं थांबत नाही. तासाभरात एकाचे दोन,
दोघांच्याही भिंती तशाच.

एक मात्र आहे.
नायसिन नसलेल्या नळीत हे जुन्यांच्या मागे पडतात.
भिंत राखायला खर्च येत असणार.
हेही लिहिलं. सरांनी त्याखाली रेघ मारली,
का ते सांगितलं नाही.

प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या.
एक नळी उणे ऐंशीला ठेवली,
चिठ्ठीवर तारीख आणि माझी आद्याक्षरं.

घरी विरजण संपलं होतं.
आहेरकाकूंकडून वाटीत आणलं,
कोमट दुधात सोडलं, वर ताटली झाकली.
आत रात्रभर कोण कुणाला हटवतं
ते मोजायची पट्टी घरी नाही.
वाटी रिकामी परत करू नये म्हणतात.
धुतली, पुसली,
आणि घडातून सुटलेले पाचसात मणी टाकले तिच्यात,
बारकेसुद्धा.