मेन डॉट सी

हिंगण्याच्या शेडमध्ये संत्री निवडणारं यंत्र
आणि त्याच्या पोटात एकच फाईल,
सहा हजार दोनशे अकरा ओळींची.
काटा, रंग ओळखणारा डोळा, पट्ट्याची मोटर, झडपा,
बिघाड झाला की वाजणारी शिटी,
सगळं एकाखाली एक,
कळमन्यात ट्रक उलटा करावा तसं.

लिहिणारे नगराळे सर दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले.
आता आम्ही चौघं.
मी झडपेचा एक आकडा हलवला
की टेकामच्या मोटरला उचकी लागते.
नौशाद म्हणतो, हात नको लावू, चालून राहिलं ना.

मे महिना. संत्र्याचा हंगाम केव्हाच सरलेला,
चाचणीला टेनिसचे चेंडू, नारिंगी रंगवलेले, आत वाळू.
कूलरची टाकी दुपारीच आटली
आणि मी कापायला बसले.

आधी काटा. नऊशे ओळी उचलून
वजन डॉट सी मध्ये नेल्या.
शेजारी वजन डॉट एच, त्यात तीनच ओळी.
हेडरमध्ये काम नसतं,
कामाचा शब्द दिलेला असतो:
असं एक फंक्शन आहे, ते ग्रॅम सांगतं,
कसं सांगतं ते आतलं आत राहू दे.
माथ्यावर पहारा बसवला,
हे आधी ऐकलं नसशील तरच ऐक.

काट्याची थरथर निववणारं,
रिकाम्या वाटीचं वजन वजा करणारं,
अशांच्या नावापुढे स्टॅटिक.
तुम्ही घरातली. बाहेरून कुणी हाक मारणार नाही.

रात्री साडेदहाला लिंकर अडला.
टी-टू म्हणे चार ठिकाणी सापडला.
चूक माझीच. मी त्याला हेडरमध्येच जन्म दिला होता,
आणि ज्या ज्या फाईलीने हेडर ओढून घेतलं
तिथे तिथे तो नव्याने जन्मला.
आता हेडरमध्ये नुसती ओळख द्यायची, एक्स्टर्न,
म्हणजे तो आहे, कुठेतरी एकाच जागी आहे.

पण कुठे?
काटा त्यात लिहितो, झडप त्यातून वाचते,
मोटर मधूनच त्याला शून्य करते.
कमेंट नाही. नावावरून तर काहीच कळत नाही.

मानेवाड्याला फोन लावला.
मागे टीव्ही चालू होता, तो बारीक झाला.
"टी-टू ना? तो संत्र्याचा वेळ आहे.
काट्यावरून झडपेपावतर याले त्याले जेवढा लागते, तेवढा."
मग कोणाच्या फाईलीत ठेवू, सर?
"पट्ट्याच्या. तेवढ्या वेळात तो
ना काट्याचा असते, ना झडपेचा."

फोन ठेवता ठेवता विचारलंच,
एवढं सगळं एकाच फाईलीत का लिहिलं?
पलीकडे भांड्याचा आवाज झाला, मग काहीच नाही.
"मी एकटाच होतो ना बाई.
एकट्याले दारं कायले लागते?"

पट्टा डॉट सी. टी-टू तिथे जन्मला, एकदाच.
बाकीच्यांनी त्याला नावाने ओळखलं.
मग मी पट्ट्यातली एक ओळ बदलून पाहिली,
मेकने फक्त पट्टा उठवला,
काटा, डोळा, झडपा निजलेल्याच राहिल्या.

मेन डॉट सी मध्ये आता एक्केचाळीस ओळी.
त्यातली एक सरांची, चाळीस मिलिसेकंद थांबा,
आणि पुढे: हे काढू नये.
का, ते विचारायचं राहिलं.
काढलं नाही.

सकाळी टेकामने बटण दाबलं.
पहिला चेंडू काट्यावरून सुटला,
आणि झडपेपर्यंतची ती हातभर जागा,
ना इकडची ना तिकडची,
मी पहिल्यांदा डोळे लावून पाहिली.