घट

सराफ बाजारात आटणीच्या भट्टीवर मी बसतो.
नाव दामू विसपुते.
फुंकणी माझी, मूस माझी, सोनं कुणाचंतरी.

एकतीस सालचा दसरा झाला
आणि सोनं लुटायचं सोडून
अख्खा जिल्हा सोनं मोडायला आला.
विलायतेत म्हणे पौंडाने सोन्याचा हात सोडला,
तर इथे तोळ्याचा भाव एकविसाचा पंचवीस,
आणि बाजरीला कुत्रं विचारीना.
मालक वर्तमानपत्र पसरून सांगतात:
लढाईचं देणं आहे हे, दामू.
जर्मनीने फ्रान्सचं द्यायचं, फ्रान्सने इंग्लंडचं,
इंग्लंडने अमेरिकेचं,
आणि अमेरिकेत बँकांनी आतून कडी घातलीय.
मी विचारलं, मग आपण कुणाचं द्यायचं?
मालक म्हणाले, तू फुंक.

फुंकतो.
सिन्नरची पुतळ्यांची माळ, चांदवडची वज्रटीक,
ओझरच्या कुणा तान्ह्याची वाळी.
एका नथीत मोती राहून गेला होता, तो तडकला.
एक बुगडी अजून कानाच्या तेलाने ओशट.
सगळ्यांचा मिळून मुशीत एक पिवळा डोळा होतो,
एकदाच लवतो, मग कांब.
कांब मुंबईला, तिथून बोटीने.
नाशकात सोन्याचा धूर निघतो तो असा,
डोळ्यांना झोंबणारा.

बुधवारी बाजाराला आलेली एक बाई
ओट्याखालीच थांबली. धुरपता गांगुर्डे, भगूरकडची.
हात लांब करून तिने एक बिल्ला ठेवला.
चांदीचा. एका अंगाला राजाचं तोंड,
दुसऱ्या अंगाला उघडा घोडेस्वार,
आणि कडेवर, बोट फिरवलं तर कळेल इतक्या बारीक इंग्रजीत
आकडा, हुद्दा, नाव.
"बसऱ्याला गेल्ते," म्हणाली.
आले का, ते बोलली नाही.
मालकांनी बिल्ल्यावर पाणी शिंपडलं,
बोटं धोतराला पुसली,
मग तराजू उचलला.

पावणेतीन तोळे. चांदी तर सोन्याच्या उलट, पार तळाला.
एक रुपया दोन आणे.
तिने पैसे मोजले नाहीत.
"त्ये म्हनायचे, सरकारी हाये,
याचा भाव पडत न्हाई."

मुशीत आधी राजाचं नाक गेलं.
मग घोडा बसला.
कडा तग धरून राहिली बराच वेळ.
मला इंग्रजी येत नाही, तरी
चिमट्याने राख सारत मी अक्षरं मोजत होतो.
त्यांतलं एक गोल होतं,
ते सगळ्यांच्या मागून मिटलं.

वजन केलं. दोन गुंजा घट.
घट कशाची, ते वहीत लिहावं लागतं:
डाग, लाख, मळ.
मी मळ लिहिलं.

रात्री झारेकरी येतात,
दुकानांपुढची माती झाडून घाटावर नेतात,
पाट्यांत घालून गोदेच्या पाण्यात हलवत बसतात.
त्या रात्री मी कंदील घेऊन त्यांच्यामागे गेलो.
कशाला, ते मला अजून नीट सांगता येत नाही.
भिकाजी झारेकरी म्हणाला, काय हरवलं?
म्हटलं, दोन गुंजा.
सोनं?
मी नुसता हात पाण्यात घातला.
गाळ बोटांतून निघून गेला.
पलीकडे पंचवटीत
देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर
पोलिसांचे कंदील ओळीने उभे होते,
आणि अंधारात कुणीतरी
त्यांच्या दिशेने चालत निघालं होतं.