मचूळ

सोहारला, टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
मी मनाच्या दवाखान्यातल्या नोंदी टाइप करते.
एसीचं पाणी रंगाच्या रिकाम्या बादलीत ठिबकतं,
दुपारी दोनला बादली ओतायची, हेही माझंच काम.

जुन्या फॉर्मवर दहा चौकोन होते.
एकावर फुली मारायची.
कधी दोनांवर पडायची, कधी तिनांवर,
तेव्हा डॉक्टर शम्सा ओशाळून पेनचं टोपण लावायच्या, काढायच्या.
कुठेच नाही बसलं माणूस, तर सगळ्यात खाली: 'इतर'.
आमच्या कपाटात सगळ्यात जाड गठ्ठा 'इतर'चाच.

नव्या फॉर्मवर चौकोन नाहीत.
आडव्या रेघा आहेत, पाच.
मन किती पोळतं.
माणसांपासून किती लांब बसावंसं वाटतं.
दुसऱ्याला लागलेलं किती कळतं.
हात किती आवरतो. नियम किती घट्ट धरतो.
आणि या पाचांच्याही आधी एक साधा प्रश्न:
या सगळ्यापायी जगणं किती अडतं?

नईम हमदुले, दाभोळकडचा,
समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटात, रात्रपाळीला.
जुन्या फाइलीत त्याच्या नावापुढे होतं 'सीमारेषेवरचा'.
त्याने विचारलं होतं, कंची सीमा?
बुरैमीच्या चौकीवर तर म्हनले, कागद बरोबर हायत.
कुणी हसलं नाही. तोही नाही.

नव्या रेघा बघून मात्र तो खुर्ची पुढे ओढून बसला.
"बाई, आमी खारं की गोडं असं लिवतच नाय.
मीटर बुडवायचा, आकडा लिवायचा, दर तासाला.
गाळणी जुनी झाली की आकडा चढतो,
धुतली की उतरतो.
पानी तेच."
मग जरा वेळाने, भिंतीकडे बघत,
"गावच्या विहिरीला आमी मचूळ म्हनायचो.
डाळ शिजायची नाय तिच्यात.
पन प्यायचे लोक."

मला वाटलं, झालं, रेघा जिंकल्या.
तर गुरुवारी सुलभा केणी आल्या, शाळेत गणित शिकवतात,
आणि नवा फॉर्म त्यांनी टेबलावर पालथा घातला.
"तेरा वर्षं मी नुसती वाईट बाई होते.
मग तुम्ही एक शब्द दिलात.
तो मी आईला फोनवर सांगितला. आई रडली, पण बोलायला लागली.
आता काय सांगू तिला?
अलिप्तपणा, मध्यम?"
गणिताच्या बाई, आणि आकडा नको म्हणत होत्या.
त्यांचा जुना शब्द मी फाइलीच्या कोपऱ्यात
पेन्सिलीने राहू दिला. डॉक्टरांनी पाहिलं,
काही बोलल्या नाहीत.

मग नईमच्या कंपनीचा कागद आला.
त्यावर दोनच चौकोन:
योग्य. अयोग्य.
मध्ये बोटभर जागा, तिथे कंपनीचं चिन्ह छापलेलं.
डॉक्टरांनी 'योग्य'वर खूण केली
आणि शाई वाळली तरी फुंकर घालत राहिल्या.

रात्री मी वाण्याच्या बिलामागे पाच रेघा ओढल्या.
गॅसचं बटण तीनदा बघते: चौथ्या रेघेत? की पाचव्या?
बहिणीचे दोन मिस्ड कॉल, शनिवारपासून:
दुसऱ्या रेघेवर खूण, जरा उजवीकडे.
शनिवारी ओढली असती तर डावीकडे पडली असती.
केणीबाईंना हे कसं सांगायचं
की खूण माझी आहे, पण मी तिथेच राहत नाही.
की राहते?

नळ सोडला.
यात नईमने पहाटे तीनला लिहिलेला
एखादा आकडा असणार.
एक घोट घेतला. जिभेला काही कळलं नाही.
उरलेलं पाणी डाळीत ओतलं
आणि शिट्ट्या मोजत बसले,
बहिणीचा फोन वाजेपर्यंत चार झाल्या होत्या.