चार अंड्यांचं वजन

एका पारड्यात चार अंडी,
दुसऱ्यात तेवढंच लोणी,
मग तेवढीच साखर, तेवढाच मैदा.
मिशन दवाखान्याच्या मेट्रनबाई जाताना
एवढंच सांगून गेल्या;
औंस-पौंड त्यांनाही कधी जमले नाहीत.

जालन्यात मे महिना.
लोणी मऊ करावं लागत नाही,
बाहेर काढलं की आपणहून शरण.
साखरेची करकर थांबेपर्यंत फेटते,
दंड भरून येतो.

कुकरची शिटी काढलेली, तळाला कुंडलिकेची वाळू.
आता पाऊण तास झाकणाला हात नाही.
सायमन, दार आपटू नको रे!
त्यानं आपटलंच.

केक मधोमध बसला,
मोसंबीच्या झाडाला करतात
तसं गोल आळं.
रासबेरी इथं कुणी पाहिलीय?
मोसंबीच्या सालीचा मुरंबा होता बरणीत,
तोच ओतला आळ्यात,
पाणी दिल्यासारखा.

चार वाजता मुक्ताकाकू सोनुने आल्या.
चहा बशीत ओतला, फुंकर मारली,
केककडे बघत राहिल्या.
"हे आळं मुद्दाम केलंस का गं?
लई बेस डोकं चालतंय तुझं."

हो, म्हटलं.

दाराआड सायमन,
कडी दोन्ही हातांनी धरलेली.