रिकाम्या ओळीवर

डंडीच्या लायब्ररीत, टे नदीवर धुकं बसलेलं असताना,
एल्स्पेथ मॅकअॅस्किलने ज्यूट गिरणीच्या हजेरीपटातली
त्रेचाळीस नावं टाइप केली
आणि हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.
पडदा गप्प.
कर्सर लुकलुकतोय.

"बिघडलंय हे."
बिघडलं नव्हतं. नावं अकारविल्हे लावणारा प्रोग्रॅम तो,
शेवटचं हाती आल्याशिवाय पहिलं सांगणार कसं?
आणि शेवटचं कुठलं, हे नावावरून कळत नाही.
इचलकरंजीत माग थांबला की झोपेतही कानाला कळायचं.
इथे थांबणं आणि वाट बघणं
दिसायला सारखंच.

मग तिने कंट्रोल-झेड दाबलं.
घरच्या विंडोजवर तीस वर्षं तेच,
नव्या ओळीवर झेड, मग एंटर, की संपलं.
पण आमचं यंत्र लिनक्सचं.
इथे झेड म्हणजे नुसतं थांब.
त्रेचाळीस बायका पडद्यामागे चात्या सोडून उभ्या,
ना काम, ना सुट्टी.

आमची आत्या उंबऱ्यावर अडवायची:
जातो काय म्हणतोस मेल्या, येतो म्हण.
विमानतळावर निघतानाही मी येतोच म्हणालो होतो.
एकोणीस वर्षं झाली त्याला.
ती मात्र काहीच न म्हणता गेली.

मी एफ जी टाइप केलं. बायका परत कामावर.
"इथे डी," मी सांगितलं, "कंट्रोल-डी."
"थांब, एक राहिलीय."
पानाच्या कडेला, पेन्सिलीत, वय तेरा.
तिने ते नाव लिहिलं आणि एंटर न मारताच डी दाबलं.
काही नाही.
"पुन्हा एकदा. ओळ अर्धी असली तर पहिल्यांदा
नुसतं हातातलं पोचतं."
फोनवर आमचं नाही का,
पहिल्या 'बरं मग' ला कोणी फोन ठेवत नाही.

तिने पुन्हा दाबलं.
सगळ्या एकदम बाहेर आल्या, शिस्तीत, आडनावांनिशी,
आणि सर्वांत वर
ती पेन्सिलीतली पोर,
अॅडी, जेसी.

एल्स्पेथने चष्मा काढला,
पुसला नाही, नुसता हातात धरला.
बाहेर पूल अजून अर्धाच दिसत होता.