फोटोतलं लिंबाचं झाड

जाहिरातीत माझं लिंबाचं झाड आहे.
शिवाय खिडकीखालचा निळा बाक,
ज्याचा एक पाय मी जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर टेकवलाय.
तो पाय मात्र फोटोतून कापलाय.
‘अथेन्स, किप्सेली. वर येऊ घातलेली वस्ती.
दोन खोल्या, तिसरा मजला, भरपूर ऊन, लिफ्ट.’
लिफ्ट आहे, खोटं नाही.
फेब्रुवारीपासून ती पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये
तोंड वासून उभी आहे.

शनिवारी माणसं घर बघायला येतात.
मालक फोनवर अजिजीनं म्हणाला,
‘स्तमातिया, तेवढं दार उघडशील?
गुडघ्यांमुळे मला जिने होत नाहीत.’
म्हणून मी, जिला तीस जूनला घर खाली करायचंय,
मीच दार उघडते,
मीच म्हणते, या, या, बूट राहू द्या पायात.

किप्सेली म्हणजे पोळं. मधमाश्यांचं.
अकरा वर्षांपूर्वी इथे आले
तेव्हा आई म्हणाली होती,
तिथे? तिथे तर संध्याकाळनंतर…
वाक्य तिनं पुरं केलं नाही.
संध्याकाळनंतर खाली एबेलेच्या सलूनमध्ये
बायका चार-चार तास बसून वेण्या घालून घेत,
आणि तिचा धाकटा, ओबिना, पायरीवर वही घेऊन
मला ग्रीक व्याकरणातलं काहीबाही विचारी,
जे मलाही येत नसे.
एवढंच व्हायचं संध्याकाळनंतर.

भाडं दोनशे तीस होतं.
भिंतीची ओल मी खरवडली. तीन उन्हाळे.
लिनोलियम उचकटलं तर खालून
काळी-पांढरी नक्षी निघाली,
कुणी वर्षानुवर्षं दाबून धरलेलं हसू.
मालक वाकून बघत राहिला.
‘अरे! हे माझ्याच घरात होतं?’
तेव्हाच कळायला हवं होतं मला.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आम्ही पाहतो दुसऱ्याचं घासूनपुसून.

कोपऱ्यावर पानायोटिस बूट शिवायचा.
तिथे आता कॉफी मिळते.
दाणे कुठल्या डोंगरावर पिकले ते फळ्यावर लिहिलेलं असतं.
पानायोटिस कुठे गेला ते नसतं.
आणि मी पितेच की ती कॉफी. चांगली असते.
दुकान उघडलं त्या दिवशी रांगेत
सगळ्यात पुढे मीच होते.

आज आलेल्या जोडप्यानं
लाल किरणाच्या यंत्रानं खोल्या मोजल्या.
शुक्रवारी गल्लीत बाजार भरतो हे ऐकून
त्यांना फार छान वाटलं.
पहाटे पाचला भरतो, हे मी सांगितलं नाही.

मग एक नर्स आली, एकटीच,
हेल्मेट काखेत धरून.
उन्हाकडे तिनं बघितलंही नाही.
सरळ कपाटामागे हात घातला
आणि तळवा भिंतीला लावून उभी राहिली,
तापल्या कपाळावर ठेवावा तसा.
‘नोव्हेंबरात परत येते,’ मी म्हणाले.
‘माहितीये. पांग्रातीला माझ्याकडेही होती.
सगळी बुजवली मी. मग…’
वाक्य तिनंही पुरं केलं नाही.
भाडं आता किती, तिनं विचारलं.
सहाशे वीस.
आम्ही दोघी फरशीकडे बघत राहिलो.
जाताना म्हणाली, ‘झाड?’
‘झाड माझं आहे.’
‘मग इथे उरतं काय?’

झाड लिफ्टमधून नेता आलं नसतंच.
ओबिना आता माझ्याहून वीतभर उंच आहे.
त्यानं कुंडी छातीशी धरली
आणि वळणावळणावर थांबत जिने उतरला.
खाली एबेलेनं सलूनच्या काचेआडून
कात्री धरलेला हात हलवला.
तिच्या काचेवरही एक कागद लागलाय.
मी तो वाचला नाही.

नवं घर रुळांपलीकडे आहे.
एजंट म्हणाला, ही वस्ती अजून वर आली नाही,
पण येईल, बघाच तुम्ही.
मी त्याला म्हणाले, हळू बोला.

‘बाल्कनीत ठेवू?’ ओबिनानं विचारलं.
नको. आतल्या अंगाला ठेव,
रस्त्यावरून दिसणार नाही असं.
‘मग ऊन?’
येईल थोडं. तिरपं.